वीरगळाला वाचा फुटावी

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात माजी सैनिकांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



माजी सैनिकांच्या सत्काराचा सोहळा आपण आताच डोळे भरून पाहिला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन आपण आपल्या वडीलधाऱ्या सैनिकांचा गौरव केला, ही गोष्ट सर्वथा उचितच झाली. तथापि सत्काराच्या या रूढ पद्धतीत एक उणीव आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधावे एवढ्यासाठीच आम्ही उभे आहो. मानपत्र लिहिणारा त्यात बोलतो, ते वाचणारा बोलतो, आभार मानणारा बोलतो, आणि आता आम्हीही बोलत आहो. ज्यांनी लढाई प्रत्यक्ष पाहिली ते मात्र खांद्यावरची शाल सावरीत मुकाट बसून आहेत. त्यांनी बोलावे आणि आपण ऐकावे, आणि ते बोलणे आपल्या नातवंडा-पतवंडांनाही ऐकता यावे, याची तजवीज कशी करता येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

वीरांचे स्मरण ठेवण्याची रीत आपल्या भूमीला नवी नाही. आपल्या कितीतरी गावांच्या वेशीवर, जुन्या शिवालयाच्या आवारात किंवा एखाद्या वडाच्या पारावर वीरगळ उभे आहेत. तळच्या चौकटीत लढाई कोरलेली असते, कोठे गाईंचे खिल्लार सोडविताना पडलेला वीर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत या वीराची कीर्ती राहील, असा त्या खुणेचा अर्थ. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. पाषाण राहिला, शेंदूर राहिला, दसऱ्याचे फूल राहिले. नाव मात्र गेले. हा कोण, कोणासाठी लढला, त्याच्यामागे कोण रडले, हे आज गावात कोणीही सांगू शकत नाही.

दुसरा दगड याहून अलीकडचा आहे. १९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव लहान स्मृतिशिला बसविल्या. सातारा, रत्नागिरी इत्यादी जिल्ह्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या अजून आढळतात. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. येथे अक्षरे आली, परंतु नाव याही वेळी आले नाही. नावाच्या जागी आकडा आला.

परदेशातही हेच घडले. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात जे हिंदी सैन्य उपाशीपोटी झुंजले, त्यात मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ साली बसरा येथे भव्य स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली; हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली; परंतु सामान्य हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव उघडपणे मान्य केला आणि त्याबद्दल क्षमाही मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमाही मोलाची खरी. परंतु तिच्यामुळे त्या शिपायांचा आवाज परत आला नाही.

आता कोणी म्हणेल, पराक्रमी पुरुषांची नोंद तर इतिहासात आहेच. आहे, हे खरे. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. आपल्या तुकडीतील सारे सोबती मारले गेले वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर झडप घातली. गोळ्या संपल्या तेव्हा बंदूक उलटी धरून ते लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेथील मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने स्मारकही झाले. परंतु ते अवघ्या बाविशी-तेविशीच्या वयात गेले. त्यांची हकीकत आपल्याला इतरांच्याच तोंडून ऐकावी लागणार.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांची गोष्ट निराळी. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारात, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून, एकामागून एक सुखरूप आणले. मग एकट्याने मशिनगनच्या चौक्या निकामी केल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलाविले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ते त्यानंतर ३९ वर्षे, १९८४ पर्यंत, आपल्यामध्येच वावरत होते. १९४८ च्या एप्रिलात नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून देणारे, परमवीरचक्राचे मानकरी राम राघोबा राणे हे तर १९९४ पर्यंत हयात होते. आम्ही या सभेला विनयपूर्वक विचारतो: या दोघांचा आवाज आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? सन्मानपत्रातील चार वाक्ये आपल्याला पाठ आहेत. पण त्या रात्री पाणी किती थंड होते, पाठीवरचा जखमी काय बोलत होता, घरी परतल्यावर कित्येक वर्षे झोप लागली की नाही, हे कोणत्याही सन्मानपत्रात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्यानेच सांगावयाचे असते.

येथेच माहितीपटाचे महत्त्व आहे. नाटकी चित्रपटात नट सैनिकाचे सोंग घेतो. माहितीपटात सैनिक स्वतःच बोलतो. ही कला आपल्याला परकी नाही. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१ साली रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे दृश्य मुंबईत चित्रित केले. हिंदुस्थानातील वृत्तचित्राचा आरंभ अशा रीतीने मराठी माणसाच्या हातून झाला. पुढे १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने अनेक दशके चित्रपटगृहांतून माहितीपट दाखविले. त्या काळी कॅमेरा, फिल्म आणि प्रयोगशाळा यांचा खर्च आपल्यासारख्या संस्थेला झेपणारा नव्हता. आज चित्रण आणि ध्वनिमुद्रण करणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. म्हणजे साधन आले आहे. उणीव आहे ती प्रश्न विचारणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची.

साधा, न सजविलेला आवाज काय करू शकतो, याची दोन उदाहरणे आपल्यापुढे ठेवितो. पहिल्या महायुद्धात जर्मनीने पकडलेल्या हिंदी सैनिकांपैकी पुष्कळांना बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. तेथे जर्मन विद्वानांनी भाषाभ्यासासाठी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. १९१६ च्या डिसेंबरात मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या यंत्रापुढे जेमतेम दीड मिनिट बोलला. आपल्या शौर्याविषयी तो काहीच बोलला नाही. हिंदुस्थानात असताना आपण लोणी खात होतो, आणि आता घरी जावयाचे आहे, असे तो सांगतो. ही तबकडी बर्लिनच्या संग्रहात राहिली, आणि फिलिप शेफ्नर यांनी २००७ साली तिच्या आधारे माहितीपट केला. दीड मिनिटाच्या त्या आवाजाने नव्वद वर्षांनंतर जगाला रडविले, ते लोण्याच्या आठवणीने. तोफेच्या वर्णनाने नव्हे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १९६० च्या दशकात तेथील बीबीसीने पहिल्या महायुद्धातील वृद्ध सैनिकांच्या मुलाखती घेऊन ठेविल्या. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमनेही तसेच केले. बोलणारे सारे काळाच्या पडद्याआड गेल्यावर, २०१८ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने त्या शेकडो तासांच्या मुलाखतींतून एक चित्रपट केला. त्यात निवेदक नाही, पंडित नाही. आरंभापासून अखेरपर्यंत शिपाईच बोलतात. ज्यांनी मुलाखती घेतल्या त्यांना हा चित्रपट कधी होईल हे ठाऊक नव्हते. त्यांनी वेळेवर ध्वनिमुद्रण केले, एवढेच.

ही वेळ आपल्याकडे किती उरली आहे? १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला जवान आज शंभरीला टेकला आहे. १९६२ च्या हिमालयातील आणि १९६५ च्या युद्धातील जवान ऐंशीच्या पुढे गेले. १९७१ साली जो विशीत होता, तोही पंचाहत्तरीला आला. पुढील संमेलनाची वाट पाहण्याइतका अवकाश यांपैकी प्रत्येकाला असेलच, असे कोणी सांगावे?

आता हे कार्य कसे करावे, याविषयी थोडे सांगतो. सैनिकाला व्यासपीठावर आणू नये. त्याच्या ओटीवर किंवा अंगणात, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवावे. तो घरी जी बोली बोलतो तीच बोलू द्यावी, मग ती मालवणी असो, माणदेशी असो की वऱ्हाडी. प्रश्न आयुष्याच्या क्रमाने विचारावेत: भरती कोठे झाली, आईला सांगून गेला की न सांगता, पहिला पगार किती, त्याची मनिऑर्डर कोणाच्या नावाने झाली, खाणे काय मिळे, पत्र किती दिवसांनी येई. त्याने किती माणसे मारली, हा प्रश्न कोणीही विचारू नये. तो मध्येच थांबला तर आपणही थांबावे. त्याच्या स्तब्धतेलाही अर्थ असतो. एखादी तारीख चुकली तर तेथेच टोकू नये. डिस्चार्ज बुक, पदके आणि पलटणीचा इतिहास पाहून वेगळे टिपण करावे. चित्रण कोणाला दाखवावे, कोणता भाग दाखवू नये, याविषयी त्याची लेखी संमती घ्यावी, आणि सेवेतील जी गोष्ट गुप्त ठेवणे त्याचे कर्तव्य आहे तिचा आग्रह धरू नये. मूळ चित्रणाला कात्री न लावता त्याच्या तीन प्रती कराव्यात: एक कुटुंबाकडे, एक संघाकडे आणि एक दुसऱ्या गावी.

त्याच्या पत्नीची मुलाखतही तितकीच अगत्याची आहे. युद्ध सीमेवर झाले तसे ते घरातही झाले. तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनची पावले ओळखणारी, कर्ज काढून पेरणी करणारी आणि मुलांना बाप फोटोतून दाखविणारी ती माउली आपल्या कोणत्याच मानपत्रात येत नाही.

शेवटी एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. आपण ज्ञातिसंस्था आहो. आपल्या ज्ञातीचे शौर्य इतरांहून थोर होते असे दाखविण्याचा मोह आपल्याला होणे स्वाभाविक आहे. त्या मोहाने काम केले, तर माहितीपटाचे पुन्हा मानपत्रच होईल. जखमी सोबत्याला पाठीवर घेणारा आधी त्याची ज्ञाती विचारीत बसत नाही. आपला सैनिक आपल्या खंदकातील शिखाचे, महाराचे, मुसलमानाचे किंवा तमिळ सोबत्याचे नाव घेईल, तर ते कापू नये. तो भ्यालो म्हणाला, तर तेही कापू नये. १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुक पडले तेव्हा मराठा पलटणीतील कित्येक जवान युद्धकैदी झाले. पराभवाची आणि कैदेची ती वर्षे जयघोषात बसत नाहीत, म्हणून घराण्याच्या अब्रूसाठी कोणी झाकू नयेत. मरण जवळून पाहिलेल्या माणसाचे खरे बोलणे हाच खरा ठेवा. आपण ते आपल्या अभिमानाच्या मापाने बेतले, तर तो सैनिक पुन्हा मुका होईल.

म्हणून आम्ही या सभेपुढे असा ठराव मांडतो की, येत्या वर्षी सत्कारसमारंभाच्या खर्चातील अर्धा भाग या कार्यासाठी राखून ठेवावा. ज्ञातीतील वयाने सर्वांत वडील अशा दहा माजी सैनिकांपासून, आणि हयात असतील तेथे त्यांच्या पत्नींपासून, आरंभ करावा. प्रत्येकासाठी घरातील वा गावातील दोन तरुण, एक मुलगा आणि एक मुलगी, नेमावेत. आणि पुढील संमेलनात मानपत्र वाचण्याऐवजी या व्यासपीठावर पडदा लावून त्यांचेच बोलणे सर्वांनी ऐकावे. कार्यकारी मंडळाच्या अनुमतीची वाट पाहण्याचेही ज्यांना कारण नाही, त्यांनी आज घरी परतल्यावर आपल्या आजोबांपाशी बसावे.

आता पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला चार शब्द बोलावेसे वाटले, तर अध्यक्षमहाशयांनी ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे न्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.