चुना आपोआप का उकळतो?

दिवाळीची रंगसफेदी जवळ आली की आपल्या गटांमध्ये चुन्याची चौकशी सुरू होते. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "चूल नाही, जाळ नाही, मग पाण्यात टाकलेला कळीचा चुना उकळतो कसा?" आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत. याचं उत्तर कळलं तर आपले हात आणि डोळेही सांभाळले जातील.

आधी तूप आठवा. थंडीत ते थिजतं, उन्हाळ्यात पातळ होतं. तूप तेच, पण कोणत्या दिशेने जायचं ते तापमान ठरवतं. तुपाचा काही नवा पदार्थ होत नाही, चुन्याचा होतो. पण दिशा ठरण्याची रीत सारखीच.

चुनखडी अंगणात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी तिचा कळीचा चुना होत नाही. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की कळीचा चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो, उरलेला ४४ किलो वायू. शिंपले भाजूनही असाच चुना होतो. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव अशाच भट्ट्यांवरून पडलं आहे.

आता कारण पाहू. पदार्थाला दोन ओढी असतात असं समजा. एक उष्णता सोडून शांत होण्याची, दुसरी मोकळं होऊन पसरण्याची. चुनखडी फुटताना उष्णता घेते, म्हणजे पहिली ओढ अडवते. पण वायू मोकळा होतो, म्हणजे दुसरी ओढ पुढे ढकलते. तापमान वाढेल तसं या दुसऱ्या ओढीचं वजन वाढतं आणि एका टप्प्यावर पारडं फिरतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांनी १८७०च्या दशकात हा हिशोब सूत्रात मांडला. ज्या तापमानाला अभिक्रिया आपल्या ओढीनेच पुढे जाऊ शकते, त्या तापमानाला ती 'उत्स्फूर्त' आहे असं पुस्तकात म्हणतात.

आता ताईंचा प्रश्न. कळीचा चुना पाण्याशी जुळतो तेव्हा भरपूर उष्णता सोडतो. आपल्या नेहमीच्या हवामानात पहिल्या ओढीचं पारडं जड असतं, म्हणून जाळाशिवाय हे घडतं आणि पाणी उकळू लागतं. हाच विरलेला चुना ५०० अंशांच्या वर तापवला, तर तो पाणी सोडून पुन्हा कळीचा चुना होतो.

भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. भट्टीत जे तुटलं, ते घराच्या भिंतीवर जुळतं. मात्र यासाठी बरेच दिवस लागतात. उत्स्फूर्त म्हणजे झटपट नव्हे. अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल ही एक गोष्ट, किती वेगाने जाईल ही दुसरी.

आता कामाचं बोलू. कळीचा चुना हवेतली ओल आणि वायू घेत राहतो, म्हणून तो कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लवकर वापरा. विरवताना पसरट लोखंडी भांडं घ्या, प्लास्टिकची बादली नको. आधी पाणी घ्या, मग त्यात थोडाथोडा चुना टाका. चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नका, तो उसळून अंगावर येतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे आणि मुलं लांब, हे तिन्ही हवंच. विरलेला चुना थंड झाला तरी त्याचा दाहकपणा जात नाही.

डोळ्यात चुना उडालाच, तर हळद, तूप, दूध काही घालू नका. लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा. वेळ दवडला तर नजर जाऊ शकते.

येत्या बैठकीत चुना विरवण्याचं काम कुणाकडे द्यायचं हे ठरवाल, तेव्हा चष्मा आणि मोज्यांचा खर्चही गटाच्या वहीत आधीच मांडा.