गुलाबी रंगाचा हिशेब

पिकाला पाण्याचा ताण पडला की पानातल्या पेशींच्या पडद्यांमधली स्निग्धाम्लं ऑक्सिजनच्या माऱ्याने तुटू लागतात. डब्यातले शेंगदाणे खवट होतात, तसंच हे. फक्त जिवंत पानात. ते किती झालं, हे कसं मोजायचं?

१९६८ साली हीथ आणि पॅकर यांनी पानातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांवर वापरलेली रीत आजही सर्रास चालते. पान आम्लात खलायचं, चोथा काढून टाकायचा, निवळीत थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून ९५ अंशांवर सुमारे अर्धा तास तापवायचं. तुटलेल्या स्निग्धाम्लातून निघालेला मॅलॉनडायअल्डिहाइड त्याच्याशी जुळतो आणि गुलाबी रंग येतो. ५३२ नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते पाहायचं, की झालं. स्वस्त आणि झटपट.

घोळ इथेच आहे. त्या प्रकाशावर एकट्या मॅलॉनडायअल्डिहाइडचा मक्ता नाही. आंब्याची तांबूस पालवी घ्या किंवा लाल कोबी. त्यातलं अँथोसायनिनही तोच प्रकाश शोषतं. पानातली साखरही आम्लात तापली की आकडा फुगवते. ६०० नॅनोमीटरचं वाचन वजा करतात खरं, पण त्याने गढूळपणा वजा होतो, अँथोसायनिनचा रंग नव्हे. १९९९ साली हॉजेस आणि सहकाऱ्यांनी साधा उपाय सुचवला: एक नळी थायोबार्बिट्युरिक आम्लासह, दुसरी त्याच्याविना, दुसरीचा रंग पहिलीतून वजा. साखरेसाठी ४४० नॅनोमीटरची वेगळी दुरुस्ती. एक जादा नळी लावायची, एवढंच; तरी कित्येक जण ती लावत नाहीत. लाल पानांच्या बाबतीत तरी असे आकडे मी विश्वासाने वाचत नाही.

शिवाय तापवतानाही स्निग्धाम्लं तुटत राहतात, म्हणून त्यात बीएचटी हे ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन घालतात. आणि मॅलॉनडायअल्डिहाइड मुख्यतः तीन किंवा अधिक दुहेरी बंधांच्या स्निग्धाम्लांतून निघतो. पानात लिनोलेनिक आम्ल मुबलक, म्हणून तिथे ही चाचणी जमते. शेंगदाण्याच्या तेलात ते जवळपास नसतंच. खवटपणा भरपूर आणि त्यातून येणारा गुलाबी रंग बेताचा, असं तिथे होऊ शकतं!

म्हणून या आकड्यावरून ज्वारी आणि पालक यांची तुलना करू नये. एकाच वाणाची, एकाच वयाची पानं घ्यावीत, काही ताणातली, काही बिनताणाची. तिथे दोन आकड्यांमधला फरक कामाचा असतो. नेमकं प्रमाण हवं असेल, तर मॅलॉनडायअल्डिहाइड एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर वेगळा काढूनच मोजावा लागतो.