उद्योग कोणाच्या दारी?

(संस्थेच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी अर्थतज्ज्ञ नव्हे, बँकेतला कारकून आहे. परंतु काउंटरवर एक गोष्ट नित्य दिसते. मुलगा पुण्याकडे कारखान्यात राबून पैसे पाठवितो आणि म्हातारी आई पासबुक घेऊन ते काढावयास येते. मुलगा आईजवळ का नाही, याचे बरेचसे उत्तर औद्योगिक धोरणात आहे.

१९५६ पासून केंद्र सरकारने पोलादाचा भाव देशभर सारखा ठेवला. ऐकावयास ही समताच! पण खाणी ज्यांच्या उशाशी, त्या बिहार, ओरिसा, बंगालचा जवळिकीचा फायदा गेला. मुंबईच्या कारखानदाराला पोलाद त्याच भावात मिळू लागले. बंदर व बाजारपेठ त्याच्यापाशी होतीच. कापसाला मात्र अशी सवलत नव्हती. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे धोरण संपले, पण इतरत्र रुजलेले कारखाने परतले नाहीत. यात आपल्या राज्याचा लाभ झाला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता घरात पाहू. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६४ साली मागास भागांसाठी सवलती आल्या. तरी मुंबई-ठाणे-पुणे पट्टाच पुढे राहिला. का? १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात त्याचे कारण सापडते. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण आदींचा सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा अनुशेष समितीने मोजला. जेथे वीज आणि प्रशिक्षित हात नाहीत, तेथे नुसत्या अनुदानावर कारखाना किती दिवस टिकणार?

उलट उदाहरण वाळूजचे. १९८५ साली तेथे स्कूटरचा मोठा कारखाना आला आणि सभोवती सुटे भाग बनविणारे उद्योग वाढले. स्पर्धेची ताकद अशा साखळीतून येते. मात्र ती साखळी मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांत पोहोचली नाही.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात सांगितले होते की, शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांनीच हलका होईल. ज्यांच्याकडे तुकडाभरही जमीन नाही, त्या आपल्या समाजासाठी तर हा पोटाचा प्रश्न आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आयटीआयच्या प्रशिक्षणाला कमी लेखू नका. जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढा. आणि आपण वडीलधाऱ्यांनी सवलतींबरोबरच रस्ता, वीज व चांगली शाळा मागितली पाहिजे. त्या आईचा मुलगा गावाजवळ कामाला लागेल, तो दिवस आपल्याला पाहावयाचा आहे.

जय भीम!