गाडींत ठेवावयाचा हवेचा पंप



मोटारीच्या चाकांत हवा भरण्याचें, डिकींत सहज मावेल असें लहानसें यंत्र विकत घेतांना काय पाहावें, यासंबंधीं मी आज बोलणार आहें. शाळामास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसानें हा विषय कां निवडावा, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, या यंत्राच्या खोक्यावर जे आंकडे छापलेले असतात ते समजण्यास शाळेंतील पदार्थविज्ञानापलीकडे कांहीं लागत नाहीं. आणि तेवढें ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ लोक दोन-चार हजार रुपये मोजून भलतीच वस्तु घरीं आणतात.

पूर्वीं प्रत्येक मोटारींत स्टेपनी असे. पंक्चर झालें कीं चाक बदलावें आणि पुढें निघावें. परंतु २०२० सालीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ज्या लहान प्रवासी गाड्यांस ट्यूबलेस टायर आहेत, टायरमधील दाब दाखविणारी योजना आहे व पंक्चर दुरुस्तीचें साहित्य सोबत आहे, अशांस स्टेपनीची सक्ति उरली नाहीं. तेव्हांपासून कित्येक नव्या गाड्यांत स्टेपनीच्या खळग्यांत एक छोटा पंप आणि छिद्र बुजविणाऱ्या द्रवाची बाटली एवढेंच आढळतें. इकडे रस्ते पाहावे तर नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजीं. जुन्या रस्त्यांवर दर नाक्याला टायर टांगलेलें एखादें पंक्चरचें दुकान दिसतें. दोहों बाजूंनीं बंदिस्त असलेल्या अशा द्रुतगति मार्गावर तें दिसणार नाहीं. तेव्हां जो पंप आपण बरोबर घेऊं, त्यावरच भिस्त.

येथें एका समजाचा समाचार घेतला पाहिजे. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून हवा चार पौंड कमीच ठेवावी, असें सांगणारे लोक गांवोगांवीं भेटतात. खरा प्रकार नेमका उलट आहे. चाक फिरतांना टायरचा जो भाग जमिनीस टेकतो तो दबतो व वर जातांना पुन्हां ताठ होतो. हवा कमी असली कीं हें दबणें वाढतें. मोटार ताशीं १२० किलोमीटर वेगानें जात असतां चाकाचे मिनिटाला हजारावर फेरे होतात, आणि दर फेऱ्यास रबर व त्यांतील दोरे मुडपून सरळ होतात. एखादी तार पुनःपुन्हां वांकविली म्हणजे जशी तापते तसाच टायर आंतून तापतो, आणि शेवटीं त्याचे थर सुटूं लागतात. ऊन हें निमित्त. कमी हवा हें कारण.

आतां खोक्यावरील आंकड्यांकडे वळूं. सर्वांत ठळक आंकडा बहुधा १५० पीएसआय असा असतो. गॅरेजमध्यें ज्यास आपण नुसतें ‘पौंड’ म्हणतों तेंच हें परिमाण. गिऱ्हाईक म्हणतो, माझ्या गाडीस तेहतीस पौंड लागतात, हा तर दीडशें देतो. म्हणजे पांचपट जोरदार! शेतकरी बंधूंस यांतील गफलत लगेच उमजेल. विहिरीवरचा पंप किती फूट उंच पाणी चढवितो हें एक, आणि तासाला किती पाणी ओततो हें दुसरें. खोक्यावरचे दीडशें पौंड ही नुसती उंची झाली. आपणांस पाहावयाचें आहे तें पाणी, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा हा आंकडा. तो पुष्कळ खोक्यांवर बारीक अक्षरांत असतो, आणि कित्येकांवर नसतोच. जेथें तो नाहीं, तें खोकें मी तरी परत ठेवीन.

थोडें गणित करूं. मध्यम मोटारीच्या टायरची पोकळी २८ लिटर धरा. बाहेरील हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें १४.७ पौंड असतो. बॉइलनें १६६२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें, या टायरचा दाब १४.७ पौंडांनीं वाढवावयाचा तर बाहेरची आणखी २८ लिटर हवा आंत कोंबावी लागते. म्हणून पार बसलेला टायर ३३ पौंडांपर्यंत नेण्यास सुमारें ६३ लिटर हवा हवी. वीस पौंडांवरून तेहतिसांवर न्यावयाचा तर २५ लिटर पुरे. तळहाताएवढा पंप मिनिटाला दहा-बारा लिटर देतो असें धरल्यास पहिल्या कामास पांच-सहा मिनिटें लागतील. तीं कागदावरचीं. प्रत्यक्षांत अधिक लागतात, कारण छापलेला आंकडा बहुधा नळी मोकळी असतांनाचा असतो, आणि टायरमधील दाब चढूं लागला कीं पंपाचा हात आंखडतो. मिनिटाला तीस-पस्तीस लिटरांचा पंप तेंच काम निम्म्याहून कमी वेळांत करतो. मोठ्या जीपवजा गाडीचा टायर जवळजवळ दुप्पट हवा खातो; तिच्या मालकानें तळहाती पंपाचा विचारच करूं नये.

वेळेचा प्रश्न केवळ घाईचा नाहीं. सायकलीचा हातपंप जोरानें मारल्यावर त्याचें बूड चटका देतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें. हवा दाबली कीं ती तापते. लहान पंपाची इवलीशी मोटर आणि सिलिंडर या उष्णतेनें लवकरच हैराण होतात. म्हणून सोबतच्या कागदावर ‘इतकीं मिनिटें सलग चालवावा, मग इतका वेळ थांबवावा’ असें लिहिलेलें असतें, आणि हीच ओळ विकत घेण्यापूर्वीं वाचावयाची. आमच्या एका शेजाऱ्यांचा पंप दोन चाकें भरून तिसऱ्यावर गप्प बसला. यंत्र बिघडलें म्हणून ते दुकानदाराशीं भांडावयास निघाले होते. अर्ध्या तासानें तोच पंप निमूट चालूं लागला. तो थकला होता, इतकेंच.

वीज कोठून घ्यावयाची, हा पुढचा मुद्दा. मोटारींतील लायटरच्या सॉकेटला बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो. बारा व्होल्टवर दहा अँपिअर म्हणजे १२० वॅट; तेवढ्यांत भागणारा पंप त्यावर चालेल. त्याहून मोठे पंप चिमट्यांनीं थेट बॅटरीस जोडावे लागतात. ते सॉकेटला जोडण्याची कसरत केल्यास फ्यूज जातो आणि भर रस्त्यांत नवें संकट उभें राहतें. ज्यांच्या पोटांत स्वतःची बॅटरी आहे असे बिनतारी पंप हाताळावयास सुखाचे. पण ते दर दोन-तीन महिन्यांनीं आठवणीनें चार्ज करावे लागतात, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखांत बंद मोटारींत तापत ठेवल्यास त्यांची बॅटरी लवकर म्हातारी होते. आपल्या विसरभोळेपणाचा अंदाज ज्याचा त्यानें घ्यावा. मला विचाराल तर मी वायरचाच घेईन.

दाब दाखविणाऱ्या गेजवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. खिशांत मावणारें निराळें गेज घेऊन ताडून पाहावें. दोहोंत एखाद्या पौंडाचा फरक चालेल, चारांचा नाहीं. ठरविलेल्या आंकड्यावर आपोआप थांबणारा पंप उत्तम, पण आंकडा ठरवितांना परिमाण कोणतें निवडलें आहे तें पाहावें. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. भरावयाचा दाब ड्रायव्हरच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिलेला असतो. टायरच्या कडेवरचा मोठा आंकडा ही कमाल मर्यादा होय, शिफारस नव्हे. आणि तो पट्टीवरचा आंकडा थंड टायरचा. सहा अंश तापमान वाढलें कीं सुमारें एक पौंड दाब वाढतो; चालून आलेला टायर म्हणूनच फुगलेला दिसतो, आणि त्याची हवा सोडणें ही चूक ठरते. पेट्रोलपंपापर्यंत गाडी नेतां नेतांच टायर तापूं लागतात. स्वतःच्या पंपाचा खरा उपयोग हा, कीं सकाळीं दारांतच, थंड चाकावर, हवा मोजतां येते.

या यंत्रानें पंक्चर निघत नाहीं, हेंही सांगून ठेवतों. खिळ्याचें छिद्र बुजविण्यास रबरी पट्टी व टोचा निराळे ठेवावे लागतात. टायरची कड रिमवरून सुटली असेल तर ती पुन्हां बसविण्याइतकी एकदम हवा लहान पंप देऊं शकत नाहीं; तेथें दुकानांतला टाकीचा कॉम्प्रेसरच हवा. उलटपक्षीं, ज्यांच्याकडे केवळ स्कूटर आहे त्यांनीं विजेच्या भानगडींत पडण्याचें कारण नाहीं. लहान चाकास हवा थोडी लागते. चांगला पायपंप तें काम करतो, आणि त्यास ना फ्यूज, ना बॅटरी.

पंप घरीं आणल्यावर खोकें तसेंच डिकींत टाकूं नये. दिवसाउजेडीं अंगणांत एका चाकाची दहा पौंड हवा सोडून ती पुन्हां भरून पाहावी व घड्याळ लावावें. गेज खरें कीं खोटें, व्हॉल्व्हवरचें तोंड घट्ट बसतें कीं फुसफुसतें, हें तेथेंच कळतें. आणि वायर व नळी मिळून मागच्या दूरच्या चाकापर्यंत पोंचतात कीं नाहीं, हेंही त्याच वेळीं समजतें.