कामाचा प्रवास कागदावर

(लघुउद्योजकांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्यवसायातील कार्यपद्धती सुधारण्यासाठी फ्लोचार्टचा, म्हणजेच प्रवाहतक्त्याचा, उपयोग कसा करावा, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची सूचना आहे. मी व्यवस्थापनशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. भोसरीत यंत्रभाग तयार करणारा एक लहानसा कारखाना मी चालवतो. त्यामुळे आधी माझ्याच हातून होऊ घातलेल्या एका अन्यायाची हकीकत सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

ही गोष्ट २००८ सालची. आमचा एक जुना ग्राहक दुसरीकडे गेला. आमच्या मालात खोट नव्हती, दरही चढे नव्हते. “तुमचे कोटेशन हाती येईपर्यंत आमची ऑर्डर देऊन झालेली असते,” असे त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांनी स्पष्टपणे सांगितले. आमच्याकडे कोटेशनचे काम एक वयस्कर गृहस्थ पाहत. सारे त्यांना काका म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, सुवाच्य अक्षर, पण संगणकावर हात सावकाश चालणारा. दोष त्यांचाच, असे मी मनाशी ठरवून टाकले. त्यांच्या जागी तरुण माणूस नेमण्याचा विचारही पक्का केला होता.

तंत्रनिकेतनातील माझ्या एका जुन्या सरांच्या कानावर मी हे घातले. ते म्हणाले, “माणूस बदलण्यापूर्वी काम कागदावर काढून पाहा.” मी केबिनमध्ये बसून अर्ध्या तासात तक्ता काढला. चौकशीचे पत्र येते, काका नोंद करतात, पर्यवेक्षक वेळेचा अंदाज देतात, कच्च्या मालाचा दर येतो, मी सही करतो, कोटेशन जाते. सुबक आठ चौकटी! सरांनी तो पाहिला आणि विचारले, “हे काम असे व्हावे असे तुला वाटते, की ते खरोखर असे होते?”

या प्रश्नातच आजच्या विषयाचे सार आहे.

मग आम्ही एक खरीखुरी चौकशी निवडली आणि तिचा माग काढला. ती ज्या टेबलावर गेली तेथे आम्ही गेलो आणि ती केव्हा आली, केव्हा उठली, हे लिहीत गेलो. भिंतीवर खाकी कागद लावून प्रत्येक टप्प्याची चिठ्ठी त्यावर डकवली. आठाच्या एकोणीस चौकटी झाल्या. एकूण दिवस लागले अकरा. प्रत्यक्ष हाताने केलेले काम मात्र चार तासांचेही नव्हते. उरलेला सारा वेळ कागद नुसता पडून होता. कोठे? दोन दिवस पर्यवेक्षकाकडे, एक दिवस पुरवठादाराच्या उत्तराची वाट पाहण्यात, एक दिवस गुरुवारच्या सुट्टीचा. काकांचे आणि टपालाचे मिळून एक दिवस. आणि सहा दिवस माझ्या टेबलावर! दराला मंजुरी देण्यासाठी एकदा आणि अंतिम सहीसाठी पुन्हा एकदा.

त्या भिंतीसमोर काका माझ्या शेजारीच उभे होते. ते काहीही बोलले नाहीत. मला मात्र मान खाली घालावी लागली.

आता थोडे शास्त्राविषयी. या पद्धतीचा उगम एका गवंड्याच्या निरीक्षणात आहे. अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ यांनी विटा रचण्याच्या कामापासून आयुष्याला प्रारंभ केला. प्रत्येक विटेसाठी गवंडी खाली वाकतो, म्हणजे एवढ्याशा विटेबरोबर स्वतःचे सारे शरीर उचलतो, हे त्यांनी हेरले. विटा हाताच्या उंचीवर येतील अशी परांची त्यांनी योजली, आणि एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या. पुढे १९२१ साली फ्रँक आणि त्यांच्या पत्नी लिलियन यांनी अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या टप्प्यांचा आलेख काढण्याची पद्धत मांडली. १९२४ साली फ्रँक निवर्तले. अकरा मुलांचे संगोपन करता करता लिलियनबाईंनी हीच दृष्टी स्वयंपाकघराला लावली आणि ओटा, शेगडी, भांडी यांमधील गृहिणीच्या फेऱ्या मोजून त्यांची मांडणी बदलली. येथे बसलेल्या भगिनींना यात नवल वाटणार नाही. कुकर लावून मग भाजी चिरायला घ्यावी, हे त्यांना कोणी तक्ता काढून शिकवलेले नाही.

त्याच संस्थेने १९४७ साली पाच चिन्हे प्रमाण म्हणून स्वीकारली. क्रियेसाठी वर्तुळ, वाहतुकीसाठी बाण, तपासणीसाठी चौरस, साठवणीसाठी उलटा त्रिकोण आणि खोळंब्यासाठी इंग्रजी ‘डी’ अक्षराचा आकार. खोळंब्याला स्वतंत्र चिन्ह आहे, हे ध्यानात घ्यावे. माझ्या केबिनमधल्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती! कार्यालयीन कामासाठी याहून सोपी रीत रूढ आहे. आरंभ आणि शेवट लंबगोलात, कृती चौकटीत, आणि ‘होय की नाही’ असा निर्णय शंकरपाळ्याच्या आकारात. प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळा उभा रकाना आखला, की काम किती वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जाते, हे तत्काळ दिसते. बहुतेक खोळंबे या हस्तांतराच्या जागीच असतात.

तक्ता पूर्ण झाला, की प्रत्येक चौकटीला चार प्रश्न विचारावेत. हा टप्पा गाळता येईल का? दुसऱ्याशी जोडता येईल का? त्याचा क्रम बदलता येईल का? तो सोपा करता येईल का? क्रमही हाच ठेवावा. जो टप्पा मुळात नकोच आहे, तो सोपा करीत बसण्यात अर्थ नाही. संगणकप्रणाली विकत घ्यायची, तीही यानंतरच. अन्यथा अनावश्यक कामच अधिक वेगाने होऊ लागते.

आम्ही काय केले? दरमंजुरीची माझी पहिली सही गाळली. ती का सुरू झाली, हे प्रथम कोणालाच सांगता येईना. दहा वर्षांपूर्वी एकदा दर चुकला म्हणून मीच तो नियम केला होता, हे शेवटी काकांनाच आठवले. रोज सकाळी दहा वाजता काका आणि पर्यवेक्षक एकत्र बसून ड्रॉइंग पाहू लागले. पुरवठादाराला दूरध्वनी अंदाजानंतर न करता पत्र येताच होऊ लागला. आणि पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या कोटेशनवर काकांनीच सही करावी, असे ठरले. दोन महिन्यांत बहुतेक कोटेशने तिसऱ्या दिवशी जाऊ लागली. गेलेला ग्राहक परत आला नाही, पण त्यानंतर या कारणासाठी दुसरा कोणी गेला नाही. काका सन्मानाने निवृत्त झाले. जाण्यापूर्वी माल पाठवणीच्या कामाचा तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. आजही आम्ही त्यात दुरुस्त्या करीत तोच वापरतो.

या अनुभवातून मी तीन पथ्ये शिकलो. तक्ता काम जेथे होते तेथे उभे राहून काढावा. काम करणाऱ्याला बरोबर घेऊन काढावा, कारण त्याच्याइतके ते काम कोणालाच ठाऊक नसते. आणि तो गुन्हेगार शोधण्यासाठी काढू नये. आपल्यावर बालंट येणार अशी भीती वाटली, की माणसे खरे टप्पे सांगत नाहीत, आणि मग भिंतीवर पुन्हा त्याच सुबक आठ चौकटी उरतात.

येत्या आठवड्यात आपल्या व्यवसायातील असे एकच काम निवडा, ज्यावरून आपण कोणावर तरी वारंवार चिडता. त्याचा माग काढा. आणि कागद कोठे किती थांबला हे लिहिताना स्वतःचे टेबल वगळू नका, एवढीच विनंती करून मी माझे बोलणे थांबवतो.