हृदयविकार : निदान, उपचार आणि आपले आचरण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्य मान्यवर घेतीलच. आजचा विषय आहे हृदयविकाराचे निदान आणि उपचार यांत झालेले संशोधन. सुवर्णमहोत्सवाशी त्याचा संबंध काय, असे कोणास वाटेल. पण पन्नास वर्षे हा या विषयाचाही मोठा टप्पा आहे. ट्रस्टचे रोपटे लावले गेले त्या सुमारास पनवेलमधील एखाद्या व्यापाऱ्याच्या छातीत कळ आली, तर फॅमिली डॉक्टर घरी येत, नाडी व रक्तदाब पाहत, सोय असल्यास कार्डिओग्राम काढला जाई आणि रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला मिळे. पुढचे सारे दैवाधीन. बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिच येथे १६ सप्टेंबर १९७७ रोजी केली. म्हणजे आज घरोघरी उच्चारला जाणारा हा शब्दही तेव्हा कोणाच्या कानावर पडलेला नव्हता.

या शास्त्राचा इतिहास परदेशातच घडला, असा मात्र समज करून घेऊ नये. त्यातील एक धाडसी पर्व पनवेलपासून फार दूर नसलेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात लिहिले गेले आहे. १९२६ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयास शेठ गोरधनदास सुंदरदास यांचे नाव आहे. त्यांच्या संपत्तीतून देणगी देताना विश्वस्तांनी घातलेली अट व्यापारी समाजाने लक्षात ठेवण्याजोगी आहे : महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत. इंग्रजांच्या राज्यात अशी अट घालण्यास छाती लागते.

त्याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन कार्यरत होते. जन्माने बंगाली, परंतु कर्मभूमी मुंबई. १९६५ साली डॉ. सेन, डॉ. उदवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. पारूळकर यांनी एक विलक्षण कल्पना जगासमोर मांडली. सर्पवर्गीय प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूस बव्हंशी हृदयाच्या कप्प्यातूनच थेट रक्त मिळते. मग माणसाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या असतील, तर हृदयाच्या स्नायूस सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून त्याच मार्गाने रक्त का पोहोचवू नये? हे प्रयोग प्रथम श्वानांवर झाले, ही गोष्ट अहिंसाप्रेमी श्रोत्यांपासून लपविण्यात अर्थ नाही. पुढे परदेशात हीच कल्पना लेझर किरणांच्या साहाय्याने वापरली गेली. ती उपचार म्हणून फारशी टिकली नाही, हेही तितकेच खरे. परंतु साधनांची वानवा असलेल्या महापालिकेच्या रुग्णालयात बसून इतक्या मुळातून विचार करणारी माणसे आपल्याकडे होती, याचा विसर पडू नये.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. सेन यांनी के.ई.एम.मध्ये भारतातील पहिला प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी झालेला दुसरा प्रयत्नही यशस्वी झाला नाही. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठी लागणारी प्रभावी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती, आणि मेंदूमृत्यूस मान्यता देणारा कायदाही आपल्या देशात नव्हता. तो कायदा १९९४ साली झाला व त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. मुंबईला मात्र २०१५ सालापर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या छातीत बसविले. मधली सत्तेचाळीस वर्षे या महानगरास यश नव्हते.

आता सर्वसामान्यांच्या नित्य उपयोगाच्या भागाकडे वळू. निदानाच्या साधनांत कार्डिओग्राम सर्वांत जुना. आइन्थोव्हेन यांना त्यासाठी १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि शंभर वर्षांनंतरही त्यास पर्याय नाही. पण पहिला कार्डिओग्राम निर्दोष आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून घरी परतणे धोक्याचे ठरू शकते. झटका येत असतानाही पहिला आलेख कधी कधी सामान्य दिसतो. येथे रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी उपयोगी पडते. हृदयाच्या स्नायूस इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. आजच्या अतिसंवेदनशील चाचण्या त्याचा अत्यल्प अंशही पकडतात आणि एक ते तीन तासांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन ते वाढत आहे की स्थिर आहे, यावरून निर्णय होतो. 'दुसऱ्यांदा रक्त कशाला, बिल वाढवायला?' असा संशय अनेकदा व्यक्त होतो. या एका बाबतीत तरी तो अनाठायी आहे.

दुसरे साधन सीटी अँजिओग्राफी. यात हृदयापर्यंत नळी न घालता, हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचे चित्र मिळते. स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची ही तपासणी केली गेली, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू वा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांत ३.९ टक्के. चित्राने कोणी बरा होत नाही. पण नेमके निदान झाल्यामुळे योग्य रुग्णांना योग्य औषधे वेळेवर सुरू झाली.

उपचारांच्या बाबतीत मात्र एक भेद प्रत्येकाने नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावर जीव आणि पैसा दोन्ही अवलंबून आहेत. हृदयविकाराचा तीव्र झटका ही एक गोष्ट आणि चालताना छाती भरून येणे, थांबल्यावर बरे वाटणे, असा महिनोन्‌महिने स्थिर असलेला त्रास ही दुसरी गोष्ट.

झटक्यात रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असते व स्नायू मिनिटागणिक मरत असतो. तेथे स्टेंट जीवनदायी आहे. विलंब न करता अँजिओप्लास्टी होणे सर्वोत्तम. ते शक्य नसेल, तर गाठ विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवावे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, त्रास सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेल्या, परंतु तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळू शकणाऱ्या रुग्णांत हा मार्ग जवळपास तितकाच परिणामकारक ठरला. महामार्गावरील वाहतुकीचा अनुभव असलेल्या पनवेलकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाल्याने शिवडी-परळ जवळ आले हे खरे, पण झटका आलेल्या माणसाला 'मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडेच नेऊ' म्हणून जवळचे सुसज्ज रुग्णालय ओलांडून जाणे हा शहाणपणा नव्हे.

आपल्या देशात वेळ कोठे जातो? ५० शहरांतील ८९ केंद्रांमध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेणारा 'क्रिएट' हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रक्तवाहिनी पूर्ण बंद होणाऱ्या झटक्याचे निम्मे रुग्ण त्रास सुरू झाल्यापासून पाच तास उलटून गेल्यावर रुग्णालयात पोहोचले होते, आणि रुग्णवाहिकेने आलेले फारच थोडे होते. हे पाच तास सोडा, ओवा, हिंग, पित्ताची गोळी आणि 'गिऱ्हाईक आटोपले की जाऊ' यांत जातात. मधुमेही व्यक्ती आणि महिला यांच्यात छातीत कळ न येता नुसता घाम, मळमळ, दम किंवा जबडा-पाठ दुखणे एवढेच लक्षण असू शकते. घरातील गृहिणीच्या अशा तक्रारीकडे तर हमखास दुर्लक्ष होते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. स्वतः दुचाकीवर बसून दवाखान्यात जाण्यापेक्षा तो क्रमांक फिरवावा.

स्थिर त्रासाचा हिशेब वेगळा. २००७ मधील 'करेज' आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली 'इस्केमिया' या दोन मोठ्या चाचण्यांनी डॉक्टरांच्या जगात खळबळ उडविली. 'इस्केमिया'मध्ये ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते व त्यांत भारतीयही होते. उत्तम औषधोपचार घेणाऱ्यांना आरंभीच स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. छातीदुखी मात्र अधिक कमी झाली. मुख्य डाव्या रक्तवाहिनीत अडथळा असलेले किंवा हृदय अत्यंत दुबळे झालेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे त्यांना हा निष्कर्ष लागू नाही. तात्पर्य एवढेच की 'सत्तर टक्के ब्लॉकेज' हा आकडा कानावर पडताच घाबरून त्याच टेबलावर संमतिपत्रावर सही करण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. रुग्ण स्थिर असेल तर अहवाल घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास सवड असते. कापडाचा तागा घेतानाही दोन पेढ्या पाहणारा माणूस येथे का बिचकतो, हे कोडेच आहे. स्टेंटच्या किमतीबाबत सांगायचे, तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये व साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविली. तत्पूर्वी औषधवेष्टित स्टेंटसाठी लाखाच्या वर रक्कम मोजावी लागे.

यानंतर एक नाजूक विषय. आपण शाकाहारी आहोत, निर्व्यसनी आहोत, मग हृदयविकार आपल्याकडे कसा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. २००४ चा 'इंटरहार्ट' अभ्यास ५२ देशांत झाला. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यासंबंधीच्या सवयी या नऊ गोष्टींत झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग सामावतो, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासाच्या आधारे २००७ साली असेही आढळले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो. मांसाहार वर्ज्य केल्याने या नऊपैकी किती गोष्टी आपोआप टळतात, याचा ज्याने त्याने विचार करावा. दिवसभर गादीवर बैठक, चहासोबत फरसाण, पापड-लोणची, तळलेली खाखऱ्याची भावंडे आणि स्वामिवात्सल्यातील चार मिठाया हेही शाकाहारीच आहे.

परंतु खरी काळजीची गोष्ट आहे ती चातुर्मासाची. श्रद्धेपोटी अनेक रुग्ण अठ्ठाईत औषधे बंद करतात. स्टेंट बसविल्यानंतर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सामान्यतः सहा ते बारा महिने घ्याव्या लागतात. त्या मध्येच थांबविल्यास स्टेंटमध्ये गाठ होऊन प्राणावर बेतू शकते. याउलट काही औषधे अशी आहेत की ती उपवासात चालू ठेवणेच घातक. 'ग्लिफ्लोझिन' गटातील मधुमेहाच्या गोळ्या २०१९ मधील संशोधनानंतर, मधुमेह नसलेल्यांनाही, हृदयाच्या दुर्बलतेसाठी दिल्या जाऊ लागल्या आहेत व त्यांचा लाभ मोठा आहे. परंतु दीर्घ उपवासात त्याच गोळ्यांमुळे रक्तात आम्लता वाढू शकते, आणि साखरेचा आकडा सामान्य दिसत असल्याने ते लवकर ध्यानातही येत नाही. चौविहार उपवासात पाणीही नसेल, तर लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांबाबतही असाच विचार करावा लागतो. म्हणून कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे पर्युषणापूर्वी पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुमहाराजांपुढे ठेवावा. प्रत्याख्यानात आगारांची तरतूद शास्त्रकारांनीच केली आहे, ती विनाकारण नव्हे.

कृत्रिम धातूची झडप बसविलेल्यांसाठी आणखी एक सूचना. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन ही गोळी हिरव्या पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्वाशी तोलून दिलेली असते. चातुर्मासात लीलोतरीचा त्याग केला की हे जीवनसत्त्व कमी मिळते, तीच मात्रा जास्त ठरते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याग करण्यास हरकत नाही, परंतु आठवड्याभरात आय.एन.आर. तपासून मात्रा ठरवून घ्यावी.

झडपेचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मांडीतून नळी घालून बसविली जाणारी, छाती न उघडता बदलता येणारी झडप २००२ साली फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी प्रथम बसविली. वृद्धांसाठी ती वरदान ठरली आहे व गुजरातेत वापी येथेही अशी झडप तयार होते. मात्र या झडपा गाय वा डुकराच्या ऊतींपासून केलेल्या असतात. पूर्णतः अप्राणिज पर्याय हवा असल्यास धातू व प्लास्टिकची झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली स्वदेशी चित्रा झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम मानवास बसविण्यात आली. तिच्यासाठी छाती उघडावी लागते व वॉरफॅरिन जन्मभर घ्यावे लागते. झटक्याच्या वेळी दिले जाणारे हेपॅरिनही डुकराच्या आतड्यातून मिळविले जाते, तर फोंडापॅरिनक्स हे त्या गटाजवळचे औषध संपूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होते. परंतु अँजिओप्लास्टी चालू असताना ते एकटे पुरेसे ठरत नाही. यांपैकी काय स्वीकारावे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मात्र त्याची चर्चा अतिदक्षता विभागाच्या दारात, रात्री दोन वाजता, चार नातेवाइकांच्या गलक्यात होऊ नये. ती घरी, शांतपणे, घरातील ज्येष्ठ व्यक्ती धडधाकट असतानाच व्हावी, आणि झालेला निर्णय औषधांच्या यादीसोबत एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावा.