क्रीडागृहाचे दार



गावात मोठे क्रीडागृह बांधावयाचे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : माणसे किती बसतील? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. तो कोणता, हे सांगण्यासाठी आज आपणांस जरा दूर, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या रॅले या राजधानीत घेऊन जातो.

तेथील सरकारी कॉलेज मूळचे शेतकी व इंजिनिअरिंगचे. शेतकी प्रदर्शने आणि बास्केटबॉलचे सामने एकाच छपराखाली भरावेत, म्हणून त्याने मोठी वास्तू आरंभिली. मध्येच महायुद्ध आले, काम थांबले आणि नुसता पोलादी सांगाडा वर्षानुवर्षे उभा राहिला. १९४६ साली एव्हरेट केस हे प्रशिक्षक आले. दहा हजार जागा त्यांना पुरेशा वाटेनात. पण पाया आधीच घातलेला. रुंदी वाढणार कशी? मग दोन्ही टोकांना आसने वाढविली. वास्तू लांबट झाली, टोकाच्या प्रेक्षकाला खेळ दुरून पाहणे आले. पण जागा १२,४०० झाल्या! १९४९ च्या डिसेंबरात रेनॉल्ड्स कोलिझियम उघडले. १९५९ पासून तेथे स्वस्त वर्गणीत नामांकित वाद्यवृंदांचे जलसे होऊ लागले. काल जेथे चेंडू उसळला, तेथे आज व्हायोलिन वाजे.

येथवर कौतुकच आहे. आता दुसरी बाजू पाहू. दर वर्षी डिसेंबराच्या अखेरीस येथे स्पर्धा भरे. चार संघ स्थानिक, चार पाहुणे. १९५८ साली सिनसिनाटीच्या संघातून ऑस्कर रॉबर्टसन हा असामान्य कृष्णवर्णीय खेळाडू आला. त्याचा खेळ पाहावयास लोक आले. पण शहरातील हॉटेलांत त्याला खोली नव्हती. त्याच्या संघाला कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात उतरावे लागले. खेळ पाहण्याजोगा, खेळाडू मात्र घरात घेण्याजोगा नाही! हजारो आसनांची ती वास्तू त्या दिवशी आम्हांस फार अरुंद दिसते.

पुढे ३१ जुलै १९६६ रोजी याच छपराखाली डॉ. मार्टिन लूथर किंग बोलले. विटा त्याच, आसने तीच. पण वास्तूची खरी रुंदी त्या दिवशी वाढली, असे आम्ही म्हणू. केस यांना पायामुळे जे साधले नाही, ते एका व्याख्यानाने साधले.

१९९९ साली पुरुषांचा संघ शहराच्या कडेच्या नव्या, मोठ्या क्रीडागृहात गेला. २०१६ साली जुन्या वास्तूची दुरुस्ती झाली, तेव्हा जागा साडेपाच हजारांच्या आसपास ठेवल्या. जागा निम्म्याहून कमी झाल्या. म्हणून वास्तू लहान झाली काय? आम्हांस तसे वाटत नाही.

आपल्याकडे तालुक्यातालुक्यांतून क्रीडासंकुले आणि नाट्यगृहे उभी राहत आहेत. त्यांचे नकाशे पुढे येतील, तेव्हा आसने अवश्य मोजावीत. पण त्याआधी विचारावे : शाळेतील मुलींना येथे सरावाची वेळ मिळेल काय? हमालाला गाणे ऐकावयाचे झाले, तर तिकीट त्याला परवडेल काय? बाहेरगावच्या खेळाडूला रात्री पाठ टेकावयास कोणीही जात न विचारता जागा देईल काय? पाया एकदा घातला की रुंदी वाढविणे कठीण. दार मात्र पहिल्या दिवसापासून रुंद ठेवता येते.